घरटी एक हात

गोजरबाई घाबरली म्हणून हात वर केला नाही, असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. आमच्या घरात गुरुजींनी एकदा तसं म्हणून पाहिलं, तेव्हा त्यांना दोन दिवस अळणी भाजी खावी लागली. या बाईनं थांबा असून थांबत नाही म्हणून भर रस्त्यात उभं राहून एस.टी. अडवली होती. सोनईच्या बाजारात कांद्याच्या वजनात काटा मारणाऱ्या व्यापाऱ्याला तिनं चारचौघांत काट्यावरचा कांदा पुन्हा तोलायला लावला होता. तिला भीती ठाऊक नव्हती. त्या दिवशी तिनं हात वर केला नाही हे खरं, पण का केला नाही ते मला विचारा. मी तिच्या मांडीला मांडी लावून बसले होते.

आमचे गुरुजी, म्हणजे माझे यजमान गोरक्षनाथ, नेवासे तालुक्यातल्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक होते. सोनईपासून आत, पाटाच्या कडेचं गाव. शाळा सातवीपर्यंत. गोजरबाईच्या पडवीला लागून असलेल्या दोन खोल्यांत आम्ही राहत होतो. मधली भिंत छपरापर्यंत पोचलेलीच नव्हती, त्यामुळे इकडे मिरची परतली की तिकडे खोकला आणि तिकडे भांडण झालं की इकडे करमणूक. भांडण तरी कसलं, गोजरबाई बोलायची आणि तिचे मालक सहादेवभाऊ विडी ओढायचे. माणूस गरीब स्वभावाचा. स्वतःच्या चार-पाच एकरांत राबायचा आणि गावकीत कुणाच्या अध्यातमध्यात नसायचा.

रुपाली ही त्यांची एकुलती मुलगी, सातवीत होती. आईची जीभ आणि गुरुजींची पुस्तकं असं तिच्यात एकत्र झालं होतं. प्रश्न विचारून विचारून भंडावून सोडायची. गुरुजी वर्गातून येऊन पाणी पिताहेत तोवर ही भिंतीवरून डोकावून विचारायची, "गुरुजी, राष्ट्रपतीला कोन निवडून देतं? आमी का देत न्हाई?" मी म्हणायची, "बाई, त्यांना आधी चहा तरी घेऊ दे." पण मनातून मला तिचं लई कौतुक. आम्हाला दोन्ही मुलगेच, आणि दोघांनाही प्रश्न पडायचे ते फक्त जेवणाबद्दल.

शाळेची सहल दरसाल ठरलेली असायची. शिर्डीला साईबाबांचं दर्शन, येताना मुळा धरण, की संपली. पंच्याण्णव सालच्या हिवाळ्यात गुरुजींच्या डोक्यात भलतंच शिरलं. म्हणाले, "यंदा पोरांना नगरला जिल्हा परिषद दाखवायची. सभा कशी चालते ते बघू देत. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात नुसतं वाचून काय होतं?"

मी म्हटलं, "भूगोलाच्या पुस्तकात ज्वालामुखी पण आहे. तिथं कधी नेताय?"

पोरं हिरमुसली. कुणाला शिर्डीचे पेढे हवे होते, कुणाला धरण. गोजरबाई तर भिंतीवरून हसून हसून बेजार. "सरकार बघायला जायचं? ते काय जत्रंतलं अस्वल हाय व्हय?" पण रुपालीनं हट्ट धरला आणि आईनं पहाटे उठून बाजरीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी असं बांधून दिलं. एवढंच नाही, तर गाडी फाट्यावर येईपर्यंत उभी राहिली आणि कंडक्टरला दम देऊन आली, की पोरांना उभं करून नेलंस तर बघ.

परत आल्यावर रुपालीनं संध्याकाळभर अख्खी जिल्हा परिषद अंगणात मांडली. अध्यक्ष म्हणून पाण्याच्या हंड्याला बसवलं. "आई, तिथं लई मोठ्ठा हॉल हाय. परतेकाच्या पुढं माईक. अन बाया बी हायेत गं! डोक्यावर पदर घेऊन बसल्यात, पर बोलत्यात. एक बाई तर पान्याच्या टाकीवरून सायबाला असं बोलली, असं बोलली, का त्यो उठून उभाच ऱ्हायला!"

"आन मग?" गोजरबाईनं चुलीपुढची लाकडं सोडून विचारलं.

"मग हात वर करायला लावले. कोन व्हय म्हनतं, कोन न्हाई म्हनतं. मोजले. झालं!"

पण खरी बातमी पुढेच होती. सभा संपल्यावर शिक्षण खात्याचे एक अधिकारी पोरांशी बोलायला आले. काही विचारायचं का, म्हणाले. सगळी पोरं एकमेकांच्या मागे लपली. रुपाली उठून म्हणाली, "सायब, आमच्या गावाला आठवी का न्हाई?" अधिकारी भला माणूस. हसला नाही. त्यानं नीट सांगितलं, की वर्ग द्यायला खोली लागते, खोलीला जागा लागते. शाळेच्या शेजारी गावठाणातली जागा मोकळी असेल तर ती शाळेला देण्याचा ग्रामसभेचा ठराव करून पाठवा, जूनला आठवी सुरू करायचं मी बघतो. आजवर तुमच्या गावानं कधी मागितलीच नाही.

शाळेला लागून तेवढी मोकळी जागा होती. बाभळी आणि उकिरडे सोडले तर तिथं काही नव्हतं. आणि आठवी गावात नसणं म्हणजे काय, हे त्या गावातल्या प्रत्येक मुलीला ठाऊक होतं. हायस्कूल सोनईला. वाट उसातून. गाडीचा भरवसा नाही. मुलगे सायकलीवर टांग टाकून जायचे, आणि मुलींची शाळा सातवीच्या परीक्षेबरोबर सुटायची ती कायमची. गोजरबाई ते ऐकून चुलीपुढून उठली. मग म्हणाली, "म्हंजी ठराव झाला तर माजी रुपी आठवीला बसंल?"

"बसेल," गुरुजी म्हणाले. "फक्त सभेला माणसं आली पाहिजेत."

तिथंच तर घोडं पेंड खात होतं. आमच्या गावची ग्रामसभा म्हणजे ग्रामसेवक, शिपाई आणि चावडीवरचं कुत्रं. माणसं पुरेशी जमली नाहीत की सभा तहकूब करायची आणि अर्ध्या तासानं तीच सभा पुन्हा भरवायची. तहकूब सभेला किती माणसं हवीत याचं बंधन नसतं. त्यामुळे कुणी आलं नाही तर पुढाऱ्यांची सोयच व्हायची. गुरुजींनी हे पोरांना समजावलं आणि पोरं पेटली. सव्वीस जानेवारीच्या प्रभातफेरीत झेंड्यामागून घोषणा देत गेली, "चला चला, ग्रामसभेला चला!" नंतर घरोघर जाऊन चिकटली. रुपालीनं तर म्हाताऱ्या रंगुबाईला हाताला धरून आणलं. मळ्यातली, वस्तीवरची, बौद्धवाड्यातली, सगळी माणसं आली. बायका आल्या. मारुतीच्या पारापुढे गाव एवढं दाटलं, की ग्रामसेवक दोनदा चष्मा पुसत होता.

त्या जागेवर आणखी एकाचा डोळा होता. सूर्यभानअण्णा, गावातले मोठे बागायतदार. त्यांना तिथं मारुतीचा सभामंडप हवा होता. माणूस वाईट नव्हता. आमच्या धाकट्याला ताप चढला तेव्हा त्यांनीच जीप काढून राहुरीला पोचवलं होतं. मारुतीवर त्यांची श्रद्धाही खरी. पण सोसायटीच्या आणि कारखान्याच्या सभांमध्ये त्यांचं अर्धं आयुष्य गेलेलं. सभा कशी चालते हे बघायला त्यांना सहल काढावी लागत नव्हती.

आता मला एक सांगितलं पाहिजे, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. त्या गावात काहीही ठरवायचं म्हणजे "घरटी एक". जत्रेची बैठक असो, पाटाच्या पाण्याची पाळी असो, ओढ्याचा बांध घालायचा असो, घरटी एक माणूस यायचा आणि त्याचं म्हणणं ते घराचं म्हणणं. एका घरातून दोघं बोलायला लागले तर लोक हसायचे, "अरं, तुमच्यात वाटण्या झाल्या का?" निवडणुकीला बायका शिक्का मारायला जायच्या, नाही असं नाही. पण ते सरकारी काम, पेटीतलं. पारापुढं गाव बसलं की हिशेब घरांचा. हे कुणी कुणाला शिकवलेलं नव्हतं, त्यामुळे कुणाला कधी सांगावंही लागलं नव्हतं.

सभा सुरू झाली. आठवीच्या बाजूनं बोलणारे पुष्कळ निघाले. छगन माळी, ज्याला आम्ही कधी चार शब्द सलग बोलताना ऐकलं नव्हतं, तो म्हणाला, "देव आपला पारावर बी ऱ्हाईल. पोरी कुटं ऱ्हातील?" लोकांनी टाळ्या वाजवल्या. गोजरबाईनं मला कोपरानं असं ढोसलं, की बरगडी दुखली. तिचा चेहरा मला अजून दिसतो. लेकीच्या लग्नातसुद्धा बाई एवढी खुलली नाही.

सूर्यभानअण्णा शांतपणे म्हणाले, "हात वर करून काय ते हून जाऊ द्या."

आधी सभामंडपाला हात. अण्णांची भावकी एका अंगाला बसली होती. पुरुषांचे हात वर गेले आणि त्यांच्यामागे बसलेल्या सुना, जावा, सासवा, सगळ्यांचे गेले. बांगड्या वाजल्या. ग्रामसेवकानं मोजलं. मग आठवीला हात. आमच्या बाजूला पुरुषांचे हात तटातट वर झाले. सहादेवभाऊंनी तर, कधी नव्हे ते, उभं राहून हात वर केला. आणि बायका समाधानानं हात मांडीवर ठेवून बसल्या. एकीनंही उचलला नाही. प्रत्येकीनं आपल्या घराचा हात कुठाय ते मान उंच करून बघितलं, तो वर आहे अशी खात्री केली आणि निवांत झाली.

गोजरबाई माझ्या कानात म्हणाली, "बघा, आमच्या ह्येंचा हात कसा ताठ हाय!"

मी त्या गावच्या मतदार यादीतली नव्हते. माझं नाव सासरी, राहुरीकडे. तेव्हा मी तिथं पाहुणी, आणि मलाही काही चुकतंय असं वाटलं नाही. कळलं ते एकटीला. शाळेच्या ओट्यावर पोरं उभी होती, त्यांतून रुपाली ओरडली, "आई! हात वर कर की!"

गोजरबाईनं मागं वळून हसत उत्तर दिलं, "अगं, तुज्या बापाचा हाय की वर!"

सगळी सभा हसली. आपल्या बाजूचे लोकही हसले.

गुरुजींच्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला. ते उठून म्हणाले, "थांबा, थांबा, इथं प्रत्येक मतदाराचा हात वेगळा असतो, बायांचा सुद्धा..."

"गुरुजी," अण्णा म्हणाले, "गावच्या यादीत तुमचं नाव हाय का?"

गुरुजी खाली बसले. छगन माळी उठला. "मग त्येंच्या बायांचे मोजले ते?"

"त्यांनी वर केले म्हणून मोजले," ग्रामसेवक म्हणाला.

"मग आमच्या बी करतील आता."

"मोजणी झाली, भाऊ."

आणखी कुणी काही बोलायच्या आत अण्णांनी नारळ हातात घेऊन आवाज दिला, "बोला, बजरंगबली की..." आता यावर काय करणार? सगळं गाव म्हणालं, "जय!" गोजरबाईसुद्धा म्हणाली, तेही खणखणीत. मारुतीचा जयजयकार कोण मोडणार? नारळ फुटला, खोबरं वाटलं आणि सभा उठली. ठराव थोडक्यात पडला होता. आमच्या निम्म्या बायांनी हात उचलले असते तरी आठवी आली असती.

घरी आल्यावर मी गुरुजींवर तोंड सोडलं. "पोरांना एस.टी.त घालून सरकार दाखवून आणलंत. त्यांच्या आयांना कोण दाखवणार होतं? रोज चार वेळा पाणी भरायला तुमच्या दारावरून जातात त्या. एक शब्द सांगितला असतात!" त्यांनी खुंटीवरची टोपी काढली, परत अडकवली. मला माझीच लाज वाटली, पण राग काही उतरेना.

तेवढ्यात भिंतीवरून गोजरबाईचा आवाज आला. आवाज तिचा वाटतच नव्हता.

"मास्तरीनबाई, माजा बी येगळा हात धरत्यात व्हय?"

मी "हो" म्हटलं.

जून उजाडला तरी ती हरली नव्हती. सहादेवभाऊ म्हणाले, "एकटी पोर उसातून कशी धाडू?" दुसरी एकही मुलगी सोनईला जायला तयार नव्हती. तर गोजरबाई स्वतः निघाली. सकाळी लेकीला हायस्कूलच्या दारात सोडायचं, परत येऊन रानात राबायचं, दुपार कलली की पुन्हा आणायला जायचं. पावसाच्या चिखलात, चपला हातात घेऊन. पण पेरण्यांचे दिवस. रानात सहादेवभाऊ एकटे पडले, गोजरबाई तापानं आडवी झाली आणि ती अंथरुणातून उठायच्या आतच रुपालीनं दप्तर फळीवर ठेवून खुरपं घेतलं. म्हणाली, "ऱ्हाऊ दे आई, पुढच्या साली गावातच हुईल की आठवी." पुढच्या साली झाली नाही. त्याच्या पुढच्याही साली नाही. सभामंडप मात्र झाला, फरशी बसवून, छान. मी कधी त्याच्या सावलीला बसले नाही.

गोजरबाईनं त्यानंतर एकही ग्रामसभा चुकवली नाही. सर्वांत पुढं बसायची आणि हात वर करायची. कशालाही करायची. गटार असो, दिवाबत्ती असो, ग्रामसेवकानं विषय वाचायच्या आधीच हिचा हात वर. लोकांना गंमत वाटायची. पोरं तिला "हात वर" म्हणूनच हाका मारायची. ग्रामसेवक म्हणायचा, "गोजरबाई, अजून विचारलं न्हाई." ती म्हणायची, "तुमी विचारा तवा विचारा. मोजायचा ऱ्हायला नगं." माणसं हसायची. एवढी शहाणी, फटकळ बाई, तिनं स्वतःचं असं हसं करून घेतलं, आणि तिला त्याचं काहीच वाटत नव्हतं.

मी तिला शंभरदा सांगितलं, की तुझ्या एकटीमुळे ठराव पडला नाही, तिथं कितीतरी बायका होत्या. ती म्हणायची, "त्या बायांची रुपी न्हवती ना."

रुपाली सतरा वर्षांची होत आली तेव्हा राहुरीकडचं स्थळ आलं. मुलगा साखर कारखान्यात हंगामी कामाला. गुरुजींनी सहादेवभाऊंना बाजूला घेऊन कायदा सांगितला, वय सांगितलं. ते मान हलवत म्हणाले, "समदं गाव करतंय, गुरुजी. घरी बसलेली पोर किती दिस ठेवू?" घरी कोणी बसवली, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण त्या माणसाच्या तोंडाकडे बघून मी आत निघून गेले.

बैठकीला दोन्हीकडची माणसं अंगणात बसली. गुरुजींनाही बोलावलं होतं. आम्ही बायका आत, चुलीपाशी. देणंघेणं, मानपान, तिथी, सगळं ठरलं. शेवटी सहादेवभाऊंच्या भावकीतले थोरले पुंजारामबुवा रिवाजाप्रमाणे म्हणाले, "कुनाची काय हरकत?" हे विचारायचं असतं म्हणून विचारतात. विचारल्यावर गप्प बसायचं असतं, आणि मग सुपारी फुटते.

गोजरबाई माझ्या शेजारून उठली. दारात जाऊन उभी राहिली आणि तिनं हात वर केला.

आधी कुणाचं लक्षच गेलं नाही. मग पाहुण्यांपैकी एकजण बघायला लागला. पुंजारामबुवांनी वळून पाहिलं.

"काय गं? पानी सांगितलंय व्हय कुनी?"

"माजी हरकत हाय," गोजरबाई म्हणाली. "पोरगी शिकायची ऱ्हायलीय."

पाहुण्यांच्या म्हाताऱ्यानं सहादेवभाऊंकडे पाहिलं, आणि सहादेवभाऊ जमिनीकडे बघत बसले. पुंजारामबुवा हसले, रागावले नाहीत. लहान पोराची समजूत घालावी तसं म्हणाले, "हात खाली घे बाय. ही काय ग्रामसभा हाय का? घराचा शब्द सहादेवानं दिलाय." आणि पाहुण्यांकडे वळून सुपारी मागितली.

तिनं हात खाली घेतला नाही. उंबऱ्यात तशीच उभी राहिली. सुपारी फुटली, पानं फिरली, हळद कधी दळायची याचं बोलणं सुरू झालं, तरी हात वरच. मला वाटलं, आपण ओरडावं, की बघा रे तिच्याकडे, कुणीतरी मोजा. मी गुरुजींकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले होते.

मग आतून रुपाली आली. नवं लुगडं नेसवलेलं, तिला अजून नीट चालताही येत नव्हतं त्यात. ती आईच्या मागे येऊन उभी राहिली. तिनं आईचा हात मनगटाला धरला आणि हळूच खाली आणला.

"ऱ्हाऊ दे आई," ती म्हणाली. "मी मोजलाय."

आणि चहाचं ताट उचलून पाहुण्यांसमोर गेली.